भवानी

डोंबिवलीच्या बाजारात भाजीवाल्या मावशी सकाळची पहिली नोट आधी तराजूला लावतात, मग कपाळाला. भवानीचं गिऱ्हाईक त्या रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत. दोन रुपये सोडतील, वर कढीपत्ता घालतील. मी मेतकूट विकायला ऑनलाइन दुकान थाटलं, तेव्हा कढीपत्ता घालायला समोर पिशवीच नव्हती.

तयारी मात्र जय्यत होती. वर्षाचे 100 रुपये भरून एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी केली, 14 आकडी नंबर लेबलवर छापला. हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू सगळं वेगवेगळं, मंद आचेवर भाजलं. पहिल्या आठवड्यात वेबसाइटवर 43 भेटी दिसल्या. हरखून नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "त्यातल्या दहा-बारा माझ्या. कोणी आलं का, बघत असतो." उरलेल्या कोणाच्या, हे मी त्याला सांगितलं नाही.

घरच्या ग्रुपवर लिंक टाकली. 22 अंगठे, ऑर्डर एकही नाही. आत्या म्हणाली, "मला ते लिंकबिंक जमत नाही गं, येशील तेव्हा घेऊनच ये." संपला पैशांचा विषय. नणंदेने मात्र रोख मोजून घेतलं. पण कुरियरचा खर्च वाचवायला स्वतःच आली, दोन्ही मुलांना घेऊन. नफा पोह्यांत गेला.

माझंही चुकतच होतं म्हणा. जिच्या फडताळात सासूने दिलेला मेतकुटाचा डबा आहे, तिलाच मी मेतकूट विकायला निघाले होते!

विसाव्या दिवशी जबलपूरहून दोन पुड्यांची ऑर्डर आली. कुणाची मावसबहीण तर नाही ना, याची आधी खात्री केली. मग पार्सलला इतकी चिकटपट्टी गुंडाळली की उघडणाऱ्याला विळीच लागावी. आत कोकमाची एक छोटी पुडी सरकवली.

आठवड्याने त्या काकूंचा मेसेज आला : "मेथी जास्त झाली आहे. हिंग लागतच नाही. कोकम बरं होतं."

जिव्हारी लागलं. 22 अंगठ्यांत मेथीबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. डबा उघडून चिमूटभर जिभेवर ठेवलं. जास्तच होती.

तेवढ्यात दुसरा मेसेज आला : "नातवाला मऊ भातावर द्यायचं आहे. माझ्याच्याने आता भाजणं-दळणं होत नाही. अर्धा किलो पाठव. या वेळी नीट कर."