चौथ्या महिन्यातला इको

नंबर सकाळी नऊचा, आत बोलावलं पावणेबाराला. मधल्या वेळात आईने पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या आणि बाकावरच्या अनोळखी तिघींना वाटल्यासुद्धा.

मी जन्मतः टेट्रालॉजी ऑफ फॅलोवाली. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. रडले की ओठ निळे पडायचे म्हणे. चौथ्या वर्षी ऑपरेशन झालं. छातीवरचा व्रण तेव्हापासून माझ्या ब्लाउजचा गळा ठरवतो.

लग्नाच्या वेळी "हिला मूल झेपेल का?" हे सगळ्यांनी विचारलं, फक्त मला सोडून. म्हणून दिवस राहण्याआधीच इको (हृदयाची सोनोग्राफी), एमआरआय करून घेतलं होतं. आज डॉक्टरांनी परत समजावलं: गरोदरपणात अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, हृदयाला तेवढं जास्त काम. माझी फुफ्फुसाची झडप गळते, पण उजवा कप्पा अजून नीट चालतोय. म्हणजे जोखीम आहे, मनाई नाही. (आयझेनमेंगर, म्हणजे भोकामुळे फुफ्फुसांतला रक्तदाब कायमचा वाढलेला, असतं तर नकोच म्हणाले असते.) मी सिझेरियनच धरून चालले होते, तर अशा बहुतेकींना नॉर्मल डिलिव्हरीच बरी!

20व्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या हृदयाचा इको. शंभरात तीन-चार बाळांत दोष उतरू शकतो. मी शहाण्णवचा आकडा धरून बसले, आई मात्र गप्प. रिक्षात म्हणाली, "तुझ्या वेळी आम्हाला आधी काहीच कळलं नव्हतं गं."

मग डबा पुढे केला. दोन पुऱ्या उरल्या होत्या.