कुर्डीच्या कथेचा चौथा खर्डा

गोव्याच्या सांगे तालुक्यातील कुर्डी हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले असले, तरी उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांची जोती पुन्हा उघडी पडतात. मे महिन्यात तेथे परतणाऱ्या एका वृद्धेवरची माझी कथा या आठवड्यात चौथ्या खर्ड्यापर्यंत आली.

तिसऱ्या खर्ड्यातला दोष मोठ्याने वाचताना कळला. पहिली दोन पाने केवळ निवेदनाची होती: धरण का बांधले, कुटुंबे कशी हलवली, महादेवाचे प्राचीन देऊळ सुटे करून धरणाजवळ पुन्हा कसे उभारले. सारे खरे होते, पण आजी अजून गाडीतून उतरलीच नव्हती. आता ती भेगाळलेल्या चिखलावर पाय ठेवते तेथून कथा सुरू होते, आणि देवळाची हकिकत नातवाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून तीन ओळींत येते.

सर्वाधिक वेळ संवादांनी घेतला. माझी माणसे घरात कोंकणी बोलतात आणि निवेदन मराठीत आहे, हा पेच गोव्यात मराठी कथा लिहिणाऱ्या अनेकांना परिचित असेल. दुसऱ्या खर्ड्यात सगळे संवाद कोंकणीत ठेवले, तेव्हा घाटावरच्या एका वाचक मैत्रिणीला कथा पुढे नेता येईना. तिसऱ्यात ते सगळे मराठीत आणले, तर आजीच परकी वाटू लागली. आता तिच्या लांब आठवणी मी निवेदकाच्या मराठीत सांगतो आणि मोजकी वाक्येच तिच्या तोंडी ठेवतो. ‘आमचें घर हांगाच आशिल्लें’ असे म्हणताना ती जोत्यावर हात टेकते, त्यामुळे अर्थ वेगळा द्यावा लागत नाही. कंसातला अर्थ प्रसंगाची लय तोडतो, असे माझे ठाम मत आहे.

पूर्वस्मृती पाचांवरून दोनांवर आणल्या. मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म 1904 साली याच गावी झाला, म्हणून त्यांच्या गाण्यावर एक पान लिहिले होते. ते काढताना फार जड गेले, परंतु आजीने ते गाणे कधी ऐकलेलेच नव्हते, ती आठवण माझी होती. उरलेल्या दोन्ही स्मृती तिच्या हाताला लागणाऱ्या वस्तूंतून उघडतात: विहिरीचा काठ आणि तुळशीवृंदावनाचा दगड.

शेवट अजून बसलेला नाही. नातू तेथे फार बोलतो. येत्या रविवारी तो प्रसंग एकही संवाद न घालता, पहिल्या पावसाच्या वर्णनातून लिहून पाहणार आहे.