न फिरलेलं ड्रिल तुटलं कसं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या मशिन शॉपच्या मालकांचा सकाळीच फोन आला. "अहो साहेब, मशिन अजून चालूच केलं नाही आणि स्क्रीनवर येतंय ड्रिल तुटलं म्हणून. ड्रिल तर धड आहे की! भूतबित शिरलं काय बघा जरा."

त्यांच्या जुन्या व्हीएमसीचं, म्हणजे संगणकाच्या हुकमावर भोकं पाडणाऱ्या नि धातू कापणाऱ्या उभ्या मशिनचं, मूळ कंट्रोल बाद झाल्यावर आम्हीच त्यावर लिनक्ससीएनसी हे मशिन चालवणारं सॉफ्टवेअर चढवलं होतं. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत याचं मूळ तयार झालं. आता जगभरचे हौशी आणि व्यावसायिक मिळून ते सांभाळतात. सोर्स कोड खुला असल्यामुळे मशिनच्या वागण्यात हात घालता येतो. आणि इथे कुणीतरी घातला होता, हे फोनवरच कळलं.

तो 'कुणीतरी' म्हणजे आयटीआय झालेला ऑपरेटर. त्यांच्याकडे पंपाच्या बिडाच्या बॉडी येतात. भोकात ड्रिल तुटायचं, मागून येणारा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडणारं टूल, आंधळेपणाने त्यावर आदळायचा, टॅपही जायचा आणि कास्टिंगही भंगारात. पोराने डोकं लावलं. आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये रीमॅपची, म्हणजे कोडचा अर्थ बदलण्याची, एक ओळ टाकून टूल बदलायचा एम ६ कोड स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामकडे, सबरूटीनकडे, वळवला. ड्रिल परत ठेवण्याआधी ते टूल सेटर या टेकलं की सिग्नल देणाऱ्या बटणावर न्यायचं, जी ३८.३ या प्रोबिंगच्या, म्हणजे टेकेपर्यंत चाचपत जाण्याच्या, कोडने हळू खाली आणायचं, अपेक्षित उंचीच्या जेमतेम एक मिलिमीटर खालपर्यंतच. तेवढ्यात टेकलं तर ५०७० नंबरच्या पॅरामीटरमध्ये, म्हणजे आकडा साठवायच्या कप्प्यात, १, नाही टेकलं तर ०. शून्य आलं की संदेश देऊन प्रोग्राम बंद. नाहीतर आतून मूळचाच एम ६. जी ३८.२ घेतला असता तर न टेकल्यावर मशिनने स्वतःच एरर दिली असती. यानं मुद्दाम ३८.३ घेतला होता. मला मनापासून कौतुक वाटलं.

मग घोळ कुठे? शॉपवर गेल्यावर मी त्याला म्हटलं, "इमर्जन्सी दाबून ठेव आणि फाइल उघड." उघडली. मशिन मुडद्यासारखं पडलेलं, तरी संदेश आलाच: ड्रिल तुटलं. मालक माझ्याकडे बघायला लागले.

फाइल उघडताना स्क्रीनवर टूलच्या वाटेच्या रेषा दिसतात ना, त्या काढायला ॲक्सिस, म्हणजे लिनक्ससीएनसीचा स्क्रीन, सगळा प्रोग्राम एकदा मनातल्या मनात वाचून काढतो. सबरूटीनही त्यात आलंच. या वाचनात खरं प्रोबिंग होत नाही, त्यामुळे ५०७० ची तपासणी तिथे हमखास नापास होते. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, पण रीमॅपच्या प्रकरणात इतकं आत, की गरज पडल्याशिवाय तिथवर कोण जातंय!

उपायही तिथेच आहे. टास्क नावाचा एक तयार पॅरामीटर असतो. प्रोग्राम खरोखर मशिनवर चालत असेल तर त्याची किंमत १, नुसतं चित्र काढणं चालू असेल तर ०. शून्य असेल तेव्हा तपासणी गाळून थेट एम ६ वर जायचं, एवढी अट घातली. ओळी पोरालाच टाकायला लावल्या. फाइल गपगुमान उघडली.

मालकांचा विश्वास काही बसेना. त्यांनी ड्रॉवरमधून टोक उडालेलं ड्रिल काढलं, टूल धरणाऱ्या कोलेटमध्ये आवळलं आणि प्रोग्राम हवेत चालवला. सेटरवर आलं, टेकलं नाही, मशिन थांबलं. टॅपची पाळीच आली नाही. "आता हाय की बरोबर," एवढंच बोलले.

पण खऱ्या कास्टिंगवर लावल्यावर मला वेगळीच काळजी लागली. बिडाचा काळा भुगा सेटरवर साचत होता. टोक थोडंसंच उडालेलं असेल तर भुग्याचा थर ती कसर भरून काढणार आणि तुटलेलं ड्रिल पास होणार. म्हणून प्रोबिंगच्या आधी एम ६४ कोडने हवेचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, उघडायचा, सेकंदभर फुंकर मारायची, एम ६५ ने बंद, असं ठरलं. सॉफ्टवेअर आणि मशिनचे सिग्नल जोडणाऱ्या हॅल फाइलमध्ये आउटपुटची जोडणी करून दिली. नोझल कुठल्या कोनात बसवायचा यावर मालक आणि पोरगं यांचा वाद मी निघालो तेव्हाही चालूच होता.