हलगीच्या ठेक्यावर संकलन : आमच्या चित्रगीताची प्रगती

बेळगावातील आमच्या विद्यार्थी गटाच्या चित्रगीताचे संकलन आता दुसऱ्या कडव्यापर्यंत पोहोचले आहे. गाण्याची लय मिनिटाला १०० ठोक्यांची आहे आणि टाइमलाइन (संकलनात दृश्ये मांडण्याची पट्टी) सेकंदाला २५ फ्रेमची, म्हणजे २५ स्थिर चित्रांची आहे, त्यामुळे प्रत्येक ठोक्याच्या वाट्याला नेमक्या १५ फ्रेम येतात. २४ फ्रेम निवडल्या असत्या तर हाच हिशेब १४.४ वर गेला असता आणि बहुतेक कट ठोक्याच्या किंचित अलीकडे किंवा पलीकडे पडले असते. तरीही हलगीच्या दृश्यांत मी कट ठोक्यावर न ठेवता दोन-तीन फ्रेम आधी ठेवतो, म्हणजे काठी नव्या दृश्यात खाली येते आणि आघात पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत होतो.

वडगावातील यंत्रमागाच्या शेडमधील चित्रीकरणालाही २५ची पटच सोयीची ठरली. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात; तेथे सेकंदाला ५० फ्रेम आणि १/१०० सेकंदाचे शटर (प्रत्येक फ्रेम टिपण्याचा वेळ) ठेवले की चित्रात पट्टे उमटत नाहीत. गायिकेने दुप्पट वेगाने वाजणाऱ्या गाण्यावर ओठ हलवले, आणि ते दृश्य २५ फ्रेमवर संथ केल्यावर मागे दिसणाऱ्या यंत्रमागाचा धोटा सावकाश सरकतो, पण ओठ मूळ गाण्याशी तंतोतंत जुळतात. संपूर्ण चित्रफितीत मला हा परिणाम सर्वांत प्रिय आहे.

सर्वाधिक कष्ट राजहंसगडावरील दृश्याचे आहेत. तेथे एकच वादक तटाजवळ चार ठिकाणी एकाच वेळी हलगी वाजवताना दिसायला हवा. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवून फोकस, एक्स्पोजर (चित्रातला उजेड) व व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हाताने कायम केले, चारही वेळा वादन स्वतंत्रपणे टिपले आणि वादक नसलेली रिकामी फ्रेमही घेतली. जोडणीच्या मास्कची (प्रत्येक चित्रणातला हवा तेवढाच भाग दाखवणाऱ्या आकाराची) कड मोकळ्या आकाशातून नेली तर ढग तुटलेले दिसतात; म्हणून ती तटाच्या दगडांच्या सांध्यांतून फिरवली आहे, आणि आकाश मात्र सर्वत्र रिकाम्या फ्रेममधलेच ठेवले आहे. फेदर, म्हणजे मास्कच्या कडेचा मऊपणा, मोजकाच दिला आहे, कारण तो वाढवला की काठीचे टोक धूसर होते. ज्यांना असे दृश्य करायचे असेल त्यांनी वादकांमध्ये सावलीच्याही लांबीचे अंतर सोडावे. शरीराला मास्क लावणे सोपे असते, गवतावर पडलेल्या सावलीला तो लावणे फार कठीण जाते.

सध्या तिसऱ्या वादनाच्या वेळी आलेल्या ढगामुळे तटाचा तेवढा भाग निळसर दिसतो आहे. शेजारच्या दगडाचा नमुना घेऊन मी फक्त त्या थराचा रंग व उजेड जुळवत आहे, आणि ते जमल्यावर शेवटच्या ध्रुवपदाचे संकलन हाती घेईन.