डोळ्यांचे ऑनलाइन शिक्षण: आधी मधुमेही पडदा वाचायला शिका

आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहावरच्या देशव्यापी अभ्यासाच्या 2023 च्या आकड्यांनुसार मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात आहे, 26.4 टक्के. म्हापशातले चष्म्याचे दुकान असो की काणकोणचे आरोग्य केंद्र, समोर बसलेल्या दर चार प्रौढांत एक मधुमेही असेल असे धरूनच चालावे. म्हणून एखादा ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून नंबर काढणारा) किंवा नेत्र सहाय्यक ऑनलाइन काय शिकू असे विचारतो, तेव्हा मी मधुमेहाने बिघडलेला डोळ्याचा पडदा (रेटिना) फोटोवरून ओळखणे हेच सांगतो. कॉन्टॅक्ट लेन्सचे आकर्षक वेबिनार नंतर पाहता येतील.

ऑर्बिस संस्थेचे सायबरसाइट त्यासाठी मोफत आहे आणि चांगले आहे. मदुराईच्या अरविंदचे ऑरोशिक्षाही पाहावे. मात्र व्हिडिओ पाहून संपवला म्हणजे शिकलो असे होत नाही. कोर्समधले पडद्याचे दहा फोटो घ्या, उत्तरे झाका, प्रत्येकातली आजाराची पायरी कागदावर लिहा आणि मगच ताडून पाहा. चूक बहुधा मध्यम आणि तीव्र यांच्या सीमेवर होते. तिथे 4-2-1 हा नियम लावायचा: पडद्याच्या चारही भागांत भरपूर रक्तस्राव, किंवा दोन भागांत मण्यांच्या माळेसारख्या झालेल्या शिरा, किंवा एका भागात ठळक इर्मा (पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांची वेडीवाकडी जाळी). यातले एक जरी दिसले तरी अवस्था तीव्र, आणि त्या रुग्णाला ‘सहा महिन्यांनी या’ सांगून घरी पाठवायचे नाही. नव्या रक्तवाहिन्या दिसल्या तर तो त्याही पुढचा टप्पा.

आता ही चूक का होते? एक तर 45 अंशांच्या एकाच फोटोत पडद्याचा कडेचा भाग येत नाही, त्यामुळे चार भाग मोजायला चित्रच अपुरे असते. दुसरे म्हणजे मोबाइलवर रक्तवाहिन्यांचे सूक्ष्म फुगवटे दिसत नाहीत. लॅपटॉप घ्या, उजेड पूर्ण वाढवा, खोलीतला दिवा मंद करा आणि लाल रंग गाळलेले हिरवट चित्र उघडा, त्यात रक्ताचे ठिपके काळे उठून दिसतात. एकच ठिपका प्रत्येक रुग्णाच्या फोटोत त्याच जागी असेल, तर ती भिंगावरची धूळ.

हाताचे कौशल्य मात्र स्क्रीनवरून येत नाही. रेटिनोस्कोपीचेच, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढण्याचेच बघा. रुग्णापासून 67 सेंटिमीटरवर बसलात तर आलेल्या नंबरातून 1.50 वजा करायचे, 50 वर बसलात तर 2.00. व्हिडिओतला शिक्षक किती अंतरावर बसलाय ते कॅमेऱ्याच्या कोनामुळे कळत नाही. तुम्ही 50 वर बसून 1.50 च वजा केलेत तर अर्ध्या नंबरची चूक होते, आणि पोराला मायनस नंबर हवा त्यापेक्षा कमी दिला जातो. दोरीला गाठ मारून अंतर मोजा, मग व्हिडिओ पाहा. काचबिंदूसाठी डोळ्याचे प्रेशर घेतानाही तसेच: फ्लुरोसीन हा रंग जास्त झाला की यंत्रातून दिसणाऱ्या कमानी जाड होतात आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा वर जातो, कमी पडला की खाली येतो. प्रेशर मोजायचे गोल्डमन यंत्र 0, 20 आणि 60 वर तपासून घ्यायचे हे कोर्समध्ये सांगतात, पण यंत्र तुमच्याच केबिनमध्ये आहे.

कोर्स कधी तयार केलेला आहे ते जरूर बघा. मुलांचा मायनस वाढू नये म्हणून घालायच्या अ‍ॅट्रोपिन थेंबांबद्दल जुन्या व्याख्यानांत 0.01 टक्के पुरेसे असे ऐकायला मिळेल, पण हाँगकाँगच्या लॅम्प अभ्यासात 0.05 टक्के जास्त परिणामकारक ठरले. काचबिंदूतही 2019 च्या लाइट अभ्यासानंतर पहिला उपाय म्हणून लेसरचा विचार होऊ लागला.

क्रेडिटचा, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मोजल्या जाणाऱ्या गुणांचा प्रश्न नाव नोंदवण्याआधीच सोडवा. कोप ही ऑप्टोमेट्रीच्या कोर्सना मिळणारी मान्यता अमेरिकेतल्या नूतनीकरणासाठी असते, इथे ती आपोआप मोजली जाईल असे धरू नका. नेत्रतज्ज्ञांनी गोवा मेडिकल कौन्सिलकडे आधीच विचारावे.

थेट वेबिनारच्या वेळेचा घोळही बराच होतो. न्यूयॉर्कचे संध्याकाळचे 7 म्हणजे आपले दुसऱ्या दिवशीचे पहाटे 5.30, आणि तिकडची घड्याळे उन्हाळ्यासाठी पुढे गेली की 4.30. पावसात वीज गेली आणि तुम्ही दुसऱ्या ईमेलने परत शिरलात, तर हजेरी दोन तुकड्यांत नोंदली जाऊ शकते आणि प्रमाणपत्र अडू शकते. त्याच ईमेलने या, शक्यतो मोबाइलचा डेटा हाताशी ठेवून.

गोव्यात एकाच आडनावाची दोन-तीन इंग्रजी स्पेलिंगे असतात, जुन्या दस्तावर पोर्तुगीज धाटणीचे, शाळेच्या दाखल्यावर वेगळे. लॉगिन करतानाच नोंदणी प्रमाणपत्रावरचे स्पेलिंग टाका. नंतर दुरुस्तीसाठी परदेशी संस्थेला ईमेल करत बसावे लागते. पीडीएफ त्याच दिवशी उतरवून घ्या, कारण लिंक कायम चालू राहत नाही.