हवेचा तीन

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं. शाळेबद्दल लिहा म्हणतात, पण मला आधी सरच आठवतात. कोणते सर, हे आमच्या बॅचला सांगायला नको.

अपवर्तनांकाचा, म्हणजे निर्वातापेक्षा कुठल्या पदार्थात प्रकाश किती पट मंदावतो त्याचा, तक्ता सर फळ्यावर लिहीत होते. हवा १.०००३, बर्फ १.३१, पाणी १.३३. मी म्हटलं, "सर, हवेला सरळ एकच लिहा की!" वर्ग हसला. सरांनी खडू खाली ठेवला. "हा शेवटचा तीन कसा मोजला असेल, मलाही ठाऊक नाही. शनिवारी विचारून येऊ."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एसटीने जिल्ह्याच्या कॉलेजात गेलो. तिकिटं सरांनीच काढली. अंधाऱ्या खोलीत सोडियमचा पिवळा दिवा आणि मायकेलसनचा इंटरफेरोमीटर. प्रकाशाचे दोन भाग करून वेगवेगळ्या आरशांकडे धाडायचे आणि परत एकत्र आणायचे; दोन वाटांत अर्ध्या तरंगाचा फरक पडला की उजेडाच्या जागी अंधार. डोळा लावला तर एकात एक गोल कड्या. तिथल्या प्राध्यापकांनी सरांना एका वाटेखाली तळहात धरायला लावला. हात कशालाही लागला नव्हता, तरी कड्या वाकड्या झाल्या! हाताच्या उबेने वरची हवा विरळ झाली, तिचा अपवर्तनांक उतरला, एवढंच. सरांनी हात काढला, पुन्हा धरला, पुन्हा काढला. त्यात शेवटची एसटी चुकली. दुधाच्या गाडीत कॅनवर बसून परतलो. वडील बोलले ते मला नाही, सरांना.

आज माझं पोट त्याच कड्यांवर चालतं. एका वाटेत १० सेंटिमीटरची बंद काचनळी ठेवतो, पंपाने ती रिकामी करतो, मग झडप किंचित उघडून वायू आत सोडतो आणि सरकणाऱ्या कड्या मोजतो. तांबड्या लेझरने हवेच्या ८०च्या आसपास भरतात, कार्बन डायऑक्साइडच्या सव्वाशेच्या घरात, हेलियमच्या जेमतेम १०. त्या संख्येला तरंगलांबीने गुणायचं, नळीच्या दुप्पट लांबीने भागायचं, की वायूचा अपवर्तनांक एकाच्या किती वर आहे ते मिळतं. प्रकाश जाताना-येताना नळीतून दोनदा जातो ना, म्हणून दुप्पट.

मध्यंतरी शाळेत डोकावलो. प्रयोगशाळेत आता संगणक आहेत. तो लांब फळाही नाही. असो.

पुण्यात सरांचा तीन अडीचच भरतो. साडेपाचशे मीटर उंची, त्यात उकाडा, म्हणजे हवा विरळ. हे त्यांना सांगायचं राहून गेलं. ऐकलं असतं तर त्यांनी लगेच पुण्याची एसटी धरली असती.