भिंती आपल्या, जमीन साहेबाची

रविवार, रात्री

आज सेंट फेगन्सला जाऊन आले. कार्डिफच्या अगदी कडेचं गाव. वेल्सभरातल्या जुन्या इमारती दगड दगड सोडवून इथल्या संग्रहालयाच्या आवारात पुन्हा उभ्या केल्या आहेत. तिकीट नाही, त्यामुळे गर्दी भरपूर. बाकीचं सगळं भराभर पाहिलं आणि रीड-अ-कारच्या सहा घरांपाशी मुक्काम ठोकला.

ही घरं मूळची मर्थर टिडफिलची. कवार्थवा लोखंड कारखान्याचा मालक रिचर्ड क्रॉशे याने 1795च्या सुमारास आपल्या खाणकामगारांसाठी ती बांधली. 1979मध्ये पुराचं पाणी शिरलं, घरं पाडायची वेळ आली. तेव्हा ओळीतली सहा उचलून इकडे आणली आणि 1987 साली लोकांसाठी उघडली. प्रत्येक घर वेगळ्या सालाचं मांडलं आहे: 1805, 1855, 1895, 1925, 1955 आणि 1985. पुढच्या बागासुद्धा त्या त्या काळातल्या. एका दारातून बाहेर पडून शेजारच्या दारात शिरलं की तीस ते पन्नास वर्षं सरतात.

नकाशा मात्र सहाही घरांचा एकच. दार उघडलं की थेट चुलीची खोली. मागे छप्पर तसंच खाली उतरत गेलेलं, त्याच्याखाली पडवीसारखी जागा. तिथे एक कोठीची खोली आणि एक जेमतेम पलंग मावेल अशी झोपायची. वर जायला अरुंद वळणाचा जिना आणि माळ्यावर आणखी एक खोली. संपलं घर. यात आईबाप, पोरं आणि कधी पैसे देऊन राहणारा एखादा कामगारही.

क्रॉशेंनी रांग का बांधली हे तिथे उभं राहिलं की कळतं. दोन घरांत एक भिंत, म्हणजे दगड वाचला, मजुरी वाचली. 1801च्या शिरगणतीत मर्थरची वस्ती 7,705 होती, तेवढ्यावरही ते वेल्समधलं सर्वांत मोठं गाव. माणसं लोटत होती आणि त्यांना भट्टीच्या जवळ डोक्यावर छप्पर हवं होतं. गटारं, स्वच्छ पाणी यांचा विचार कोणी केला नाही. 1849च्या पटकीत मर्थरमध्ये 1,400हून जास्त माणसं गेली. रिचर्डच्या नातवाने मात्र 1825 साली कारखान्याकडे तोंड करून 72 खोल्यांचा किल्ला बांधला. ‘किती गोड घरं!’ असं माझ्या पुढचं कुटुंब म्हणत होतं. मला नाही तसं म्हणता आलं.

बहुतेक लोक 1805च्या घरात रेंगाळतात आणि 1985च्या घरातून पटकन निघतात. मला उलट तेच जास्त आवडलं. टीव्ही ठेवलेली ती बैठकीची खोली पाहून वाटलं, इतक्या कंजूषपणे बांधलेल्या जागेतही माणसांनी शेवटपर्यंत संसार रेटला. श्रेय राहणाऱ्यांचं, बांधणाऱ्याचं नाही.

आम्ही राहतो ती रॉन्दा या कोळसा खाणींच्या खोऱ्यातली रांग याच्या शंभरेक वर्षांनंतरची. डोंगरउतारावर टाके घातल्यासारख्या या ओळी एकावर एक चढत जातात. भिंती पेनंट नावाच्या इथल्या वाळूखडकाच्या, खिडक्यादारांभोवती पिवळ्या विटांची किनार, वर उत्तर वेल्समधल्या पाटीच्या दगडाचं छप्पर. 1875च्या आरोग्य कायद्यानंतर नगरपालिकांचे बांधकामाचे नियम आले, म्हणून आमच्या मागे परसू आहे आणि त्यामागे गल्ली. शौचकूप उपसायला, कोळसा टाकायला ती गल्ली लागायची. शेजारचे आजोबा खाणीतले. सांगतात, त्यांच्या घरात जस्ताचं न्हाणीपात्र मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेलं असे आणि वडील पाळीवरून आले की चुलीपुढे उतरवत. ट्रीहॅरिसच्या डीप नॅव्हिगेशन खाणीवर 1916 सालीच न्हाणीघर झालं होतं, वेल्समधलं पहिलं. पण सगळीकडे ते पोचायला किती वर्षं गेली! तोवर पाणी तापवायचं, पाठी चोळायच्या, काळं पाणी बाहेर ओतायचं, हे सगळं बायकांच्याच अंगावर.

आजोबांचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर. इथली पुष्कळ घरं खाणमालकांनी नाही, कामगारांनी बांधली. दर महिन्याला वर्गणी काढून भिशीसारखी मंडळं करायची आणि सभासदांची घरं उभी करायची. पण जमीन विकत मिळत नसे. ती बड्या जमीनदारांची, मिळायची फक्त 99 वर्षांच्या पट्ट्यावर. पट्टा संपला की जमिनीबरोबर घरही मालकाचं. आजोबाने उभं केलेलं, बापाने दुरुस्त केलेलं, आईने दररोज उंबरा घासून लख्ख ठेवलेलं घर नातवाच्या हातून जायचं, तेही एक पैसा न मिळता. दक्षिण वेल्समध्ये यावर खूप वर्षं ओरड चालली होती. शेवटी 1967च्या कायद्याने अशा भाडेपट्टेदारांना जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला. ‘आमच्याच भिंतींखालची माती आम्हाला विकत घ्यावी लागली,’ असं म्हणून आजोबा हसतात. पण कागद अजून जपून ठेवलाय.

मी तर साधी भाडेकरू. परतल्यावर पुढची भिंत नीट पाहिली. दगडांमधल्या फटी कोणीतरी सिमेंटने भरल्यात. या भरीव दगडी भिंतींना आत पोकळी नसते. चुन्याने भरलेल्या फटींतून ओल बाहेर पडायची, सिमेंटने ती आत कोंडली जाते. झोपायच्या खोलीत कोपऱ्यात आलेली बुरशी ही त्याचीच, अशी माझी खात्री आहे. मागे सांगितलं तर घरमालकाचं उत्तर आलं होतं, खिडकी उघडी ठेवा. उद्या सकाळी फोटो काढून पुन्हा मेल करते, आणि या वेळी चुना हा शब्द ठळक अक्षरात लिहिते.